ऋण, वाटा आणि करणी



शाळकरी मुले असलेल्या घरांत दिवेलागणीनंतर पुढील प्रकारचा संवाद हटकून ऐकू येतो. आठवीतील मुलगी विचारते, “बाबा, दोनाचे वर्गमूळ किती?” वडील सांगतात, “१.४१४.” मुलगी चौकस असली तर ती वहीत १.४१४ ला १.४१४ नेच गुणून पाहते. उत्तर येते १.९९९३९६. ती पुन्हा विचारते, “मग हे दोन का नाहीत?” वडील जरा वैतागून म्हणतात, “पुस्तकात तसेच आहे. पाठ करून टाक.” संवाद तेथेच संपतो, आणि पुष्कळदा त्या मुलीचे गणितावरील प्रेमही तेथेच संपते.

वास्तविक त्या मुलीने जे विचारले ते अडाणीपणाचे नव्हते. शेकडो वर्षे थोरामोठ्यांना ज्या प्रश्नाने झोप येऊ दिली नाही, नेमका तोच प्रश्न तिच्या तोंडून निघाला होता. पूर्णांक, परिमेय आणि अपरिमेय ही नावे मुलांपुढे व्याख्या म्हणून येतात. परंतु यांतील प्रत्येक संख्या कोणत्या तरी अडचणीतून जन्मली आहे. ती अडचण अगोदर सांगितली तर व्याख्या पाठ करावी लागत नाही, एवढेच आज मला आपणांपुढे मांडावयाचे आहे.

आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या श्रोत्यांना यासाठी फार दूर जावयास नको. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावच्या मुलखात शिरले, म्हणजे गौताळ्याच्या रानाच्या कडेस पाटण हे जुने ठिकाण लागते. लोक त्यास पाटणादेवी म्हणतात. तेथील भवानीच्या देवळातील एका शिलालेखाची वार्ता डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली विद्वानांपुढे ठेवली. लेख १२०७ सालचा आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी ज्योतिषी होता. आपल्या आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्याने तेथे मठ काढला, आणि निकुंभ कुळातील मांडलिकांनी त्यास देणगी दिली, असे त्यात नमूद आहे. लेखाचा अखेरचा भाग चक्क मराठीत आहे. पेठेतील खरेदी-विक्रीतून मठास काय मिळावे हे त्यात सांगितले असून, गिऱ्हाइकाकडून दामाचा ‘विसोवा’, म्हणजे विसावा भाग, घ्यावा असे कलम आहे. ज्या मठात अपूर्णांक शिकवावयाचे त्याच्या खर्चाची तरतूदही अपूर्णांकानेच व्हावी, हा योग मोठा मौजेचा खरा! आता ज्यांचे ग्रंथ तेथे शिकविले जात, त्या भास्कराचार्यांनाच सोबत घेऊन आपण पुढे जाऊ.

भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे ग्रंथ त्यांनी १५० साली नव्हे, तर ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी सिद्ध केले, हे येथे मुद्दाम सांगतो. कारण एक आकडा गळला की हजार वर्षे गळतात, हेही गणितच आहे.

पहिली अडचण वजाबाकीची. पाचातून तीन गेले, दोन उरले. परंतु तिनातून पाच कसे जावेत? व्यवहार उत्तर देतो की दोन देणे राहिले. म्हणून आपल्या पूर्वजांनी अशा संख्येस ‘ऋण’ हे नाव दिले. धन संख्या, शून्य आणि ऋण संख्या मिळून पूर्णांक होतात. ‘ऋण गुणिले ऋण बरोबर धन’ हा नियम मुलांस जादूसारखा वाटतो. पण सावकाराने पाच-पाच रुपयांची तीन कर्जे माफ केली, म्हणजे ऋण पाच तीन वेळा काढून घेतले, तर ऋणको पंधरा रुपयांनी वर आला, हे कोणासही पटते.

तथापि ऋण म्हणजे केवळ कर्ज नव्हे. लीलावतीत एक त्रिकोण आहे. त्याच्या दोन भुजा १० आणि १७, व पाया ९. शिरोबिंदूतून पायावर लंब टाकला तर पायाचे दोन तुकडे किती, असा प्रश्न आहे. गणित एक तुकडा १५ देते आणि दुसरा ऋण ६. जमिनीचा तुकडा उणे सहा कसा असेल? भास्कराचार्य सांगतात की येथे ऋण याचा अर्थ उलट दिशा. लंब पायाच्या आत पडतच नाही. तो बाहेर, सहा अंतरावर पडतो. पंधरातून सहा गेले म्हणजे पायाचे नऊ बरोबर भरतात. संख्यारेषेवर शून्याच्या डावीकडे ऋण संख्या मांडण्याची जी रीत आज शाळेत आहे, तिचे मर्म हेच होय.

आणि हेच आचार्य दुसऱ्या ठिकाणी ऋण संख्या नाकारतात, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. वानरांच्या कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून त्याचा वर्ग केला, तितके वानर गुहेत गेले आणि एक बाहेर दिसला. तर एकूण किती? उत्तरे दोन निघतात, ५० आणि ५. परंतु पाच घेतले तर त्याचा पाचवा भाग एक, आणि त्यातून तीन गेले की उणे दोन वानर उरतात. असली गोष्ट लोकांस पटत नाही, म्हणून ते उत्तर घेऊ नये, असा त्यांचा निर्णय आहे. दिशेला उलट बाजू असते, वानराला नसते. संख्या बरोबर आहे की नाही हे पाहण्याबरोबर ती कशाची आहे हेही पाहिले पाहिजे, हा धडा मुलांस केवढ्या सहजतेने मिळतो!

दुसरी अडचण भागाकाराची, म्हणजे वाटणीची. तीन भाकरी चार जणांत वाटावयाच्या तर पूर्णांक पुरे पडत नाहीत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी घोकलेल्या पिढीला याचे नवल वाटणार नाही. औट म्हणजे साडेतीन हे तिच्या जिभेवरच असे. दोन पूर्णांकांच्या भागाकाराने जी लिहिता येते ती परिमेय संख्या. मात्र भाजक शून्य नसावा. पाच ही संख्यासुद्धा पाच भागिले एक अशी लिहिता येते, तेव्हा पूर्णांक हे परिमेयांच्याच कुटुंबातले.

या कुटुंबाची एक खूण आहे. २२ ला ७ ने भागून पाहा. ३.१४२८५७ नंतर पुन्हा १४२८५७ आणि पुन्हा तेच. असे का व्हावे? सातने भागताना बाकी १ ते ६ यांपैकीच राहू शकते. सहा बाक्या संपल्या की जुनी बाकी परत आलीच पाहिजे, आणि बाकी परत आली की अंकही त्याच क्रमाने परत येणार. म्हणून प्रत्येक परिमेय संख्येचे दशांश रूप एकतर कोठेतरी थांबते, नाहीतर फिरून फिरून तेच अंक दाखविते.

आता तिसरी अडचण, जिने त्या मुलीस छळले. घरातील एक फूट बाजूच्या चार चौरस फरश्या डोळ्यांपुढे आणा. दोन वर, दोन खाली. प्रत्येक फरशीवर एकेक कर्ण असा ओढा की चारही कर्ण मिळून मध्ये तिरका चौरस तयार होईल. त्यात प्रत्येक फरशीचा अर्धा भाग आला. म्हणजे त्या चौरसाचे क्षेत्रफळ दोन चौरस फूट झाले. त्याची बाजू, म्हणजे फरशीचा कर्ण, हेच दोनाचे वर्गमूळ. ते आपल्या पायांखाली आहे, पावलाने मोजता येते. मग ते अपूर्णांकात लिहा पाहू!

यज्ञवेदी रचणाऱ्या बौधायनाच्या शुल्बसूत्रात या कर्णाचे जे मान दिले आहे ते ५७७ भागिले ४०८ इतके येते. ५७७ चा वर्ग ३,३२,९२९. ४०८ च्या वर्गाची दुप्पट ३,३२,९२८. सव्वातीन लाखांहून अधिक, आणि चुकले किती, तर फक्त एकाने! मनात येते की आणखी थोडी खटपट केली तर हा एकही नाहीसा होईल. परंतु तो कधीच नाहीसा होणार नाही, आणि याची खात्री प्रत्येक अपूर्णांक तपासल्यावाचून देता येते.

समजा, असा अपूर्णांक सापडला आणि त्यास अतिसंक्षिप्त रूप दिले. मग अंशाचा वर्ग हा छेदाच्या वर्गाच्या दुप्पट, म्हणजे सम झाला. विषमाचा वर्ग विषमच असतो. म्हणून अंश सम असला पाहिजे. अंश सम, म्हणजे त्याचा वर्ग चारने भागला जाणार. तेव्हा त्याच्या निम्मा जो छेदाचा वर्ग, तोही सम, आणि म्हणून छेदही सम. दोघेही सम असतील तर दोहोंस दोनने भाग जातो; मग रूप अतिसंक्षिप्त कोठे राहिले? सुरुवातीचे गृहीतच कोसळले. तसा अपूर्णांक नाही. अशा संख्येस अपरिमेय म्हणतात, आणि तिचे दशांश रूप थांबतही नाही, फिरून तेही येत नाही.

भास्कराचार्य अशा मुळांस ‘करणी’ म्हणतात आणि बीजगणितात त्यांची बेरीज-वजाबाकी शिकवितात. करणी दोन आणि करणी आठ यांची बेरीज करणी अठरा होते, कारण आठाचे मूळ हे दोनाच्या मुळाच्या दुप्पट आहे. परंतु करणी तीन आणि करणी सात यांची मोट बांधता येत नाही. त्या वेगळ्याच ठेवाव्या लागतात. आकड्यात न मावणारी संख्या चिन्हात जशीच्या तशी जपून ठेवावयाची, हा त्यातील शहाणपणा.

मुलांची आणखी एक समजूत येथेच दूर करावी. ‘पाय’ म्हणजे २२ भागिले ७ नव्हे. लीलावतीने हे मान स्थूल म्हटले आहे आणि ३९२७ भागिले १२५० हे सूक्ष्म. दोन्ही परिमेय आहेत. पाय स्वतः अपरिमेय आहे, हे लॅम्बर्ट या युरोपीय गणितज्ञाने अठराव्या शतकात सिद्ध केले. तसेच मुळाचे चिन्ह दिसले की संख्या अपरिमेय, असेही नाही. नवाचे मूळ सरळ तीन आहे.

आता त्या मुलीकडे परत जाऊ. “मग हे दोन का नाहीत?” असे तिने विचारले, तर वडिलांनी म्हणावे, “तू बरोबर पाहिलेस. १.४१४ हे जवळचे मान आहे, खरे उत्तर नव्हे. पुढे कितीही अंक लिहिलेस तरी वर्ग दोन होणार नाही, आणि तो का होणार नाही हे आपण दोघे मिळून पाहू.” पुस्तक मिटावे, कागदावर चार फरश्या काढाव्यात, आणि पेन्सिल तिच्या हाती द्यावी.