पाचशे ग्रॅमची परीक्षा

अंबरनाथ आणि बदलापूर यांच्यामध्ये चिखलोली आहे. अंबरनाथची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आणि आजूबाजूची औद्योगिक वसाहत यांमुळे या भागात फिटर-टर्नर मंडळींची वस्ती जुनी. आमच्या इमारतीतही एक निवृत्त फिटर राहतात. त्याच इमारतीतली बारावीची एक मुलगी एअर पिस्तुलाने नेमबाजी करते. गेल्या पावसाळ्यात ती एका स्पर्धेहून रडवेली होऊन परतली. पिस्तुलाला तिने हौसेने नवा चाप बसवला होता आणि स्पर्धेपूर्वीच्या तपासणीत नेमका तोच नापास झाला.

ही तपासणी अगदी साधी असते. १० मीटर एअर पिस्तुलाच्या चापाचे वजन किमान ५०० ग्रॅम असले पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. पिस्तुलाची नळी उभी धरतात, चापाच्या मध्याजवळ ५०० ग्रॅमचे वजन अडकवतात आणि ते टेबलावरून अलगद उचलतात. वजन उचलले गेले आणि चाप सुटला नाही, तर पिस्तूल पास. तिचा चाप तिन्ही वेळा सुटला. स्क्रू पिळून तिने कसेबसे वजन वाढवले, पण हाताला अनोळखी झालेल्या त्या चापावर साठ फैरींचा सामना खेळताना तिची पार त्रेधा उडाली.

“काका, मी स्प्रिंगला हातसुद्धा लावला नव्हता. फक्त पुढची पट्टी बदलली. मग वजन कमी कसं झालं?” हा तिचा प्रश्न. त्याचे उत्तर शाळेच्या पुस्तकातच आहे.

चाप म्हणजे एक तरफ. वरच्या बाजूला पिन असते, तोच टेकू. बोट खालच्या पट्टीवर बल लावते. बल आणि टेकूपासूनचे अंतर यांचा गुणाकार म्हणजे बलाचे आघूर्ण. चाप सुटण्यासाठी हे आघूर्ण ठरावीक असावे लागते. समजा, जुन्या पट्टीचा मध्य टेकूपासून २५ मिलिमीटरवर होता आणि चापाचे वजन ५२० ग्रॅम होते. गुणाकार झाला १३,०००. नव्या पट्टीचा मध्य २८ मिलिमीटरवर आला, तर तेवढ्याच आघूर्णासाठी फक्त ४६४ ग्रॅम पुरतात. स्प्रिंग तीच, खिट्टी तीच, तरी चाप नापास! घरी तिने ताणकाटा पट्टीच्या वरच्या टोकाला, म्हणजे टेकूजवळ अडकवला होता. तिथे अंतर कमी, म्हणून वजन जास्त दिसले.

पण वजन जुळले म्हणजे काम संपले असे नाही. चापाच्या आत काय घडते ते पाहू. हवेची झडप उघडणारा हातोडा एका खिट्टीने अडवून धरलेला असतो. तिला सिअर म्हणतात. बोट दाबू लागले की आधी चाप केवळ स्प्रिंगविरुद्ध सरकतो. हा पहिला टप्पा. मग बोटाला भिंत लागल्यासारखे वाटते. त्यापुढे थोडे बल वाढवले की खिट्टी हातोड्याच्या कडेवरून निसटते. हा दुसरा टप्पा. निसटताना घर्षण ओलांडावे लागते आणि स्थितिक घर्षण गतिक घर्षणापेक्षा जास्त असते. पृष्ठभाग खरखरीत असेल तर खिट्टी थांबत-थांबत सरकते, आणि नेमका क्षण नेमबाजाला कळत नाही.

खिट्टी सुटताच बोटापुढचा विरोध एकाएकी नाहीसा होतो. बंद दार जोराने ढकलत असताना ते आतून कोणी उघडावे, तसे बोट पुढे धडपडते. छर्रा नळीबाहेर पडायला अजून काही सहस्रांश सेकंद असतात. म्हणून चापाच्या मागे अडथळ्याचा स्क्रू असतो. तो दूर राहिला तर पिस्तूल हलते. फार जवळ आला तर खिट्टी सुटण्याआधीच पट्टी अडते.

हे हलणे किती महागात पडते याचा हिशेब सोपा आहे. एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते आणि छर्रा ४.५ मिलिमीटरचा. छर्रा रेषेला टेकला तरी दहा गुण मिळतात, म्हणजे त्याचे केंद्र ८ मिलिमीटरपर्यंत चुकलेले चालते. माशी आणि मागची खाच यांत ३२ सेंटिमीटर अंतर धरले, तर समरूप त्रिकोणांच्या नियमाने माशी पाव मिलिमीटर सरकली की ही सवलत संपते. ती एक मिलिमीटर सरकली तर छर्रा ३१ मिलिमीटर दूर जातो आणि गुण मिळतात सात.

वरच्या पातळीवर एवढ्याशा फरकावरच निकाल लागतात. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबतने २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण मिळवले. बरोबरी फोडण्यासाठी तिथे दोनदा जादा फैरी झाडाव्या लागल्या होत्या. २०२१ मध्ये टोकियोत पिस्तुलातील बिघाडाने मनू भाकरचा बराच वेळ गेला आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. २०२४ मध्ये पॅरिसला तिने याच प्रकारात कांस्यपदक मिळवले.

आता आमच्या फिटरकाकांकडे येऊ. त्यांनी पिस्तूल हातात घेण्याआधी ते रिकामे आहे याची दोनदा खात्री केली आणि म्हणाले, “पोरी, नवा पार्ट नुसता बसवायचा नसतो, जुळवायचा असतो.” पट्टी पिनवर मोकळी फिरते ना, बाजूला घासत नाही ना, हे त्यांनी प्रथम पाहिले. मग पुस्तिकेत दिलेल्या क्रमाने एका वेळी एकच स्क्रू फिरवला आणि किती वेढे फिरवले ते वहीत लिहून ठेवले. दर बदलानंतर ताणकाटा पट्टीच्या मध्यावर अडकवून दहा वाचने घेतली. वाचने ५१५ ते ५२५ मध्ये राहिली तर चाप चांगला. ४८० ते ५६० अशी विखुरली तर सरासरी ५२० असूनही वाईट. नेमबाजाला हलका चाप नको असतो, दर वेळी तसाच सुटणारा चाप हवा असतो.

खिट्टी मात्र त्यांनी कानसली नाही की घासली नाही. कठीण केलेल्या पोलादाचा कठीण थर पुष्कळदा पातळ असतो. तो गेला की आतले मऊ पोलाद लवकर झिजते. खिट्टीची पकड फार कमी केली तर नुसत्या धक्क्यानेही पिस्तूल सुटू शकते. म्हणून शेवटी छर्रा न घालता, नळी सुरक्षित दिशेला धरून, पिस्तुलावर तळहाताने थापट्या मारून पाहिल्या. चाप जागचा हलला नाही. काडतुसाच्या पिस्तुलाला मात्र घरी कोणीच हात लावू नये. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार त्याची दुरुस्ती परवानाधारकाचेच काम आहे.

शिक्षकांना यातला मुख्य प्रयोग पिस्तुलाशिवाय करता येईल. फूटपट्टीच्या एका टोकाला भोक पाडून ती खिळ्यावर लटकवा. खिळ्यापासून ५ सेंटिमीटरवर रबरबँड बांधून त्याचे दुसरे टोक बाजूला पक्के करा. आता १०, १५ आणि २० सेंटिमीटरवर ताणकाटा अडकवून पट्टी दर वेळी त्याच खुणेपर्यंत आडवी ओढा. बल आणि अंतर यांचा गुणाकार जवळजवळ सारखाच येईल. दर ठिकाणी दहा वाचने घ्यायला लावा, आणि सरासरीबरोबर त्यांतला फरकही मुलांना लिहू द्या.

पुढच्या स्पर्धेत आमच्या मुलीच्या पिस्तुलाने ५०० ग्रॅमचे वजन पहिल्याच खेपेला उचलले. तिचा क्रमांक मधलाच आला. पण त्या दिवशी ती रडली नाही. तिने वहीत त्या दिवसाची दहा वाचने लिहिली आणि ती काकांना दाखवायला खाली गेली.