पावसाळा संपला, आता गाडी उघडून बघा

घटस्थापना झाली की गल्लीतल्या गॅरेजवाल्याचा फोन लागत नाही. दारात गाड्यांची रांग असते, आतल्या पोराला चहा प्यायला सवड नसते आणि येणारा प्रत्येक जण एकच सांगत असतो, ‘दसऱ्याला गाडी चकाचक पाहिजे.’ खंडेनवमीला पाने, पकडी, हातोड्या, कॉम्प्रेसर पुसून हळदकुंकू लावून पूजेला मांडायचे असतात, त्यामुळे त्याआधीचे चार-पाच दिवस गॅरेजमध्ये पाय ठेवायला जागा नसते. दसऱ्याच्या सकाळी हँडलला झेंडूची माळ चढते आणि महाराष्ट्रातल्या मोटरसायकलवाल्यांचा खरा हंगाम सुरू होतो. ताम्हिणी, वरंधा, आंबा, आंबोली हे घाट धुक्यातून आणि दरडींच्या भीतीतून मोकळे झालेले असतात. दिवाळीच्या सुट्टीत कोकण, नोव्हेंबरमध्ये वागातोरला रॉयल एनफिल्डवाल्यांचा मोटोव्हर्स, म्हणजे पूर्वीचा रायडर मॅनिया, आणि पुढे थंडी सरेपर्यंत पहाटे निघून नाश्त्याला कुठल्यातरी घाटमाथ्यावर पोचायचं.

युरोप-अमेरिकेच्या थंड भागांत हीच लगबग वसंतात असते. बर्फाच्या महिन्यांत तिथली बरीच मंडळी गाडी झाकून ठेवतात, बॅटरी काढून घरात आणतात किंवा चार्जरला लावून ठेवतात आणि मार्च-एप्रिलमध्ये गाडी बाहेर काढतात. शिळं पेट्रोल, उतरलेली बॅटरी, एका जागी दबलेले टायर, अशी त्यांची दुखणी उभं राहण्यातून आलेली असतात. आपली गाडी जून ते सप्टेंबर एक दिवसही उभी राहत नाही. ऑफिस, क्लास, बाजार, शेत, डेअरी, सगळं भर पावसात चालू असतं. चार महिने तिच्यावर पाणी, गाळ आणि खडीची बारीक कच यांचा मारा होतो, आणि जे बिघडतं ते बहुतेक आतल्या बाजूला बिघडतं. म्हणून फोम वॉश, पॉलिश आणि ऑइल बदल एवढ्यावर पावसाळ्यानंतरचं सर्व्हिसिंग उरकलं जातं, ते मला धोक्याचं वाटतं. या एका सर्व्हिसिंगला गाडी उघडून बघायला हवी, आणि सुरुवात ब्रेकपासून व्हायला हवी.

मागच्या चाकाला ड्रम ब्रेक असलेल्या गाड्या आजही आपल्याकडे भरपूर आहेत. ड्रम बाहेरून बंद दिसतो, पण साचलेल्या पाण्यातून गाडी गेली की गढूळ पाणी आत शिरतं. पाणी नंतर सुकतं, गाळ मात्र मागे राहतो. चाक काढून ब्रेक प्लेट बाजूला केली की आत काळपट राखाडी रंगाचा, पिठासारखा बारीक थर दिसतो. त्याखाली लायनरचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत झालेला असतो. असा लायनर जाडीला शाबूत असला तरी ड्रमला धरत नाही, नुसता घसरतो. चांगला मिस्त्री तो थर ओल्या फडक्याने पुसून घेतो. हवा मारून उडवत नाही, कारण ती धूळ फुप्फुसांना वाईट. मग काचपेपरने लायनरची चमक मोडतो आणि लायनर फाकवणारा कॅम बाहेर काढतो. खरी मेख बऱ्याचदा इथेच असते. कॅमवरचं ग्रीस धुऊन गेलेलं असतं, त्याला गंज धरलेला असतो, त्यामुळे पेडल दाबलं की उशिरा परत येतं आणि लायनर चाकाला घासतच राहतो. अ‍ॅव्हरेज पडलं म्हणून इंजिनवर संशय घेणाऱ्यांनी आधी गाडी मेन स्टँडला लावून, न्यूट्रलमध्ये मागचं चाक हाताने फिरवून बघावं. कॅमला ग्रीस लावायचं ते बोटाच्या टोकावर मावेल इतकंच. जास्त झालं की तापून लायनरवर उतरतं. बऱ्याच गाड्यांना ब्रेकच्या दांडीजवळ एक छोटा बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो प्लेटवरच्या खुणेला टेकला, तर लायनर बदलायची वेळ झाली.

डिस्क ब्रेकवाल्यांना वाटतं की आपण यातून सुटलो. डिस्कचे पॅड दिसतात, त्यामुळे तेवढे बघितले जातात. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या मात्र कोरड्या पडून गंजतात. मग कॅलिपर अडकतो आणि एकच पॅड एका बाजूने खात राहतो. त्याहून दुर्लक्षित असतं ते ब्रेक ऑइल. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं आणि दमट हवेत तर जास्तच. डॉट ४ प्रकारचं ताजं ब्रेक ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात साडेतीन-चार टक्के पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. शहरात याने काही अडत नाही. आंबोलीहून दाणोलीकडे उतरताना, मागे बायको आणि दोन बॅगा असताना, वळणावळणाला ब्रेक दाबत गेलं की डिस्क, पॅड, कॅलिपर तापत जातात आणि आतलं पाणी उकळून वाफ होते. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. त्यामुळे लिव्हर लोण्यात बोट जावं तसा हँडलला टेकतो आणि गाडी थांबत नाही. हँडलवरच्या डबीच्या काचेतून ऑइल चहासारखं तपकिरी दिसत असेल, किंवा ते बदलून दोन वर्षं झाली असतील, तर बदलून घ्यावं. सर्व्हिसिंगच्या बिलात हा खर्च किरकोळ असतो. घाट उतरताना खालचा गिअर ठेवून इंजिनचा रोध वापरावा हे खरंच, पण ती सवय ब्रेक ऑइलची जागा घेत नाही. एबीएसही घेत नाही. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे. ते चाक लॉक होऊ देत नाही, पण दाब तयार करायला ऑइल लागतंच.

चेनकडे आपलं लक्ष जातं ते ती कुरकुरायला लागल्यावर. पावसात चेनवरचं तेल धुऊन जातं, वाळू चिकटते आणि तेल-वाळूचा तो लेप स्प्रॉकेटचे दात कानशीसारखा घासत राहतो. उघड्या चेनच्या गाडीचं मागचं स्प्रॉकेट जवळून बघा. दात दोन्ही बाजूंनी सारखे असतील तर ठीक. एका बाजूला झुकून आकड्यासारखे झाले असतील, तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट असा पूर्ण सेटच बदलावा. पैसे वाचवायला नुसती नवी चेन टाकली की जुने दात तिला थोड्याच महिन्यांत खाऊन टाकतात. सील असलेली चेन रॉकेल किंवा चेन क्लीनरने, मऊ ब्रशने साफ करावी. पेट्रोल आणि तारेचा ब्रश तिच्या रबरी रिंगांची वाट लावतात. मग ९० नंबरचं गिअर ऑइल किंवा चेन स्प्रे. ढिली चेन आवाज करते म्हणून लोक ती ताणून घेतात, पण जास्त ताणलेली चेन अधिक नुकसान करते. खड्ड्यात मागचं चाक वर-खाली होताना चेनला सैल जागा लागते, ती नसली की सगळा ताण बेअरिंगवर येतो. किती सैल ठेवायची ते गाडीच्या पुस्तकात मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं.

आता एक बारीक जागा, जिच्याबद्दल गाडी वापरणाऱ्या फार थोड्यांना माहीत असतं. बऱ्याच गाड्यांच्या पेट्रोल टाकीचं झाकण टाकीच्या पृष्ठभागाशी सपाट बसतं. झाकण उघडलं की कडेच्या गोल खोबणीत एक छोटं भोक दिसतं. झाकणावर पडलेलं पावसाचं पाणी त्यातून एका बारीक नळीवाटे खाली जमिनीवर पडावं अशी योजना असते. धूळ-चिखलाने ते भोक बुजलं की खोबणीत पाणी तुंबतं आणि झाकणाच्या जुन्या रबरातून पाझरून पेट्रोलमध्ये उतरतं. मिस्त्री क्लच वायरची एक सुटी तार त्या भोकात घालून ते मोकळं करतो. दोन मिनिटांचं काम. हल्लीच्या पेट्रोलमुळे त्याचं महत्त्व वाढलंय. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी त्यात विरघळून निघून जातं, प्रमाण वाढलं की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. इंजेक्शनच्या गाडीचा पंप पेट्रोल ओढतो तो तळापासूनच. गाडी सकाळी धक्के देत असेल, चालता चालता बंद पडत असेल, तर प्लग आणि सेन्सरवर पैसे घालण्याआधी टाकीतलं थोडं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून स्थिर ठेवून बघावं. असाच एक निचऱ्याचा मार्ग काही इंजिनांच्या हेडला, प्लगच्या खड्ड्यापाशी असतो. तोही बुजतो आणि प्लगभोवती पाणी साचतं.

इंजिन ऑइलबद्दल फार सांगायला नको, ते सगळेच बदलतात. फक्त डब्यावर जासो एमए किंवा एमए-२ ही खूण असावी. मोटरसायकलचा क्लच बहुतेक वेळा त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, आणि कारसाठीच्या काही ऑइलमधल्या घसरड्या द्रव्यांनी तो सुटू लागतो. काढलेलं ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. कागदी एअर फिल्टर ओला होऊन आखडला असेल तर हवा मारून परत बसवू देऊ नका, नवा घ्या. बॅटरीच्या टर्मिनलवरची हिरवट-पांढरी बुकटी गरम पाण्याने काढून व्हॅसलिन लावलं की पुष्कळ झालं.

टायरची नक्षी तर बघाच, पण बाजूच्या भिंतीवरचा चार आकड्यांचा शिक्काही बघा. २३२१ असेल तर तो टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. कमी चाललेल्या गाडीची नक्षी खोल राहते, पण रबर कडक होतं आणि ओल्या किंवा गुळगुळीत रस्त्यावर धरत नाही. खड्ड्यांनी हँडलच्या बेअरिंगचा कोन सेटही खाल्लेला असतो. मेन स्टँडवर पुढचं चाक अधांतरी करून हँडल हळूहळू डावीकडून उजवीकडे न्यावं. मधोमध ते खाचेत अडकल्यासारखं थबकलं, तर कोन सेट गेला. सरळ रस्त्यावर हँडल नेमकं त्याच जागी धरून गाडी भटकते, आणि दोष टायरला दिला जातो.

या सगळ्याचा खर्च ऐकून ज्यांना जड वाटतं, त्यांच्यापैकी कित्येकांनी त्याच महिन्यात फॉग लॅम्प, लेग गार्ड आणि मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरवर त्याहून जास्त पैसे घातलेले असतात. हे बघून मला मनापासून वाईट वाटतं. हातात मोजके पैसे असतील तर आधी टायर आणि ब्रेक, मग चेन सेट, आणि उरले तर बाकीचं. भाग अस्सल घ्यावेत. पुण्यात नाना पेठेत स्पेअर पार्ट्सची दुकानं शेजारी-शेजारी आहेत, पण एकाच लायनरचे तीन भाव निघतात. तिथे पाकिटावरचा पार्ट नंबर पुस्तकाशी ताडून घेतला की फसवणुकीची शक्यता कमी होते.

धुतानाही एक पथ्य. प्रेशरच्या पाण्याचा झोत चाकांच्या बेअरिंगवर, चेनवर आणि सीटखालच्या वायरिंगवर जवळून मारू देऊ नये. ते पाणी सीलच्या आत ग्रीस असतं तिथे जाऊन बसतं.

आणि गाडी दसऱ्याच्या आदल्या दिवशी टाकू नका. मिस्त्रीपाशी त्या दिवशी वेळ नसतो आणि त्याचा दोषही नसतो. नवरात्र सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात सकाळी लवकर जावं आणि चाक उघडेपर्यंत तरी तिथे थांबावं. ‘दादा, लायनर दाखवा’ म्हटलं की कुठलाही प्रामाणिक कारागीर आनंदाने दाखवतो. नवे लायनर किंवा पॅड टाकले असतील तर ते ड्रमवर, डिस्कवर पूर्ण बसायला वेळ लागतो, नवी चेनही सुरुवातीला ताण सोडते. म्हणून सर्व्हिसिंगनंतर चार-सहा दिवस गाडी रोजच्या कामाला वापरावी, जोरात ब्रेक मारणं टाळावं, मग परत जाऊन ब्रेकचा खेळ, चेन आणि एक्सलचे नट तपासून घ्यावेत. घाट त्यानंतर.