पॅडला पर्याय निवडताना आधी पाणी आणि ऊन बघा



मागच्या उन्हाळ्यात वाशी तालुक्यातल्या एका गावात ग्रामसंघाच्या बैठकीत मी पाळीवर बोलायला गेले होते. विकतच्या पॅडमध्ये प्लॅस्टिक असतं, ते कुजत नाही, म्हणून कापडी पॅड वापरा, असं मी चांगलं अर्धा तास सांगितलं. मागं बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "पोरी, तुझं समदं खरं हाय. पण टँकर येतो आठ दिसाला. धुवू कशात, आन वाळू घालू कुठं? ओट्यावर सासरे बसतेत."

मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून मी "हेच वापरा" असं सांगत नाही. आधी तीन गोष्टी विचारते: घरात पाणी किती आहे? वाळवायला ऊन लागेल अशी जागा आहे का? आणि वापरलेलं टाकता कुठं? या तिन्हींची उत्तरं मिळाली की कोणता पर्याय आपल्याला झेपेल ते आपलं आपल्यालाच कळतं.

पर्याय हवाच कशाला?

पॅड सोयीचं आहे, त्यात वाद नाही. शाळेतल्या मुलींना तर त्याचा मोठा आधार झाला. पण ते टाकायचं कुठं? उकिरड्यावर टाकलं तर कुत्री ओढून दारात आणतात. ओढ्यात टाकलं तर पावसात वाहून विहिरीजवळ येतं. चुलीत जाळलं तर प्लॅस्टिकचा विषारी धूर आपल्याच छातीत जातो. पुरलं तरी आपल्या हयातीत ते कुजत नाही.

दुसरी गोष्ट पैशांची. महिन्याला १० पॅड आणि एकाचे ५ रुपये धरले तर वर्षाचे ६०० रुपये होतात. घरात तिघी असतील तर १८००. मग पैसे वाचवायला एकच पॅड दिवसभर ठेवलं जातं. त्यानं जांघा सोलतात, खाज सुटते.

पर्याय पहिला: कापडी पॅड

आपल्या आज्या कापडच वापरायच्या, पण त्यांचं लुगडं सुती होतं. आताच्या बहुतेक साड्या नायलॉन-पॉलिस्टरच्या. ते कापड ओल शोषत नाही, नुसतं घासतं. त्यामुळे जुनी साडी फाडताना आधी सुती आहे का ते बघा.

शिवलेलं पॅड जास्त सोयीचं. वरखाली मऊ सुती कापड, मध्ये फलालीनचे तीन-चार थर, दोन्ही बाजूंना पंख आणि त्यांना टिचबटण. लांबी नऊ-दहा इंच. गटात शिलाई मशीन असलेल्या ताईला हे सहज जमतं. विकतचं घ्यायचं तर वेष्टनावर आयएस १७५१४ हा क्रमांक आहे का बघा. पुन्हा वापरायच्या पॅडसाठी भारतीय मानक ब्यूरोनं २०२१ मध्ये हे मानक आणलं.

धुताना आधी गार पाण्यात अर्धा तास भिजवा. गरम पाण्यानं डाग पक्का बसतो. मग साबण लावून स्वच्छ खळखळा. तीन पॅडना साधारण अर्धी बादली पाणी पुरतं. पहिलं पाणी झाडाला घालता येतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते उन्हात वाळलं पाहिजे. गादीखाली, साडीखाली, पत्र्याच्या फटीत लपवून वाळवलेलं कापड आतून दमटच राहतं आणि त्यात जंतू वाढतात. कापड वाईट नसतं, लपवणं वाईट असतं. उन्हात वाळवायची सोय नसेल तर हा पर्याय सध्या तुमच्यासाठी नाही, असं मी स्पष्ट सांगते.

पर्याय दुसरा: कप

सिलिकॉनचा हा छोटा मऊ कप घडी घालून योनीमार्गात बसवतात. तो रक्त शोषत नाही, साठवतो. अंगावर किती जातं त्याप्रमाणे ६ ते १२ तासांनी काढून रिकामा करायचा, धुवून परत बसवायचा. पाळीच्या आधी आणि नंतर वेगळ्या भांड्यात पाच मिनिटं उकळायचा. पाणी अगदी कमी लागतं, वाळत घालायला काही नसतं आणि एक कप कित्येक वर्षं चालतो. केरळमध्ये २०१९ साली अलप्पुळा शहरात ५,००० कप वाटले गेले.

ऊसतोडीला जाणाऱ्या ताईंना हा उपयोगी पडू शकतो, कारण फडात बदलायला आडोसा नसतो. पण हात धुवायला स्वच्छ पाणी आणि साबण लागतोच.

सवय व्हायला दोन-तीन पाळ्या जातात. मला स्वतःला पहिल्या वेळी जमलंच नाही, घाबरून काढून ठेवला. दुसऱ्या महिन्यात जमला. तांबी बसवलेली असेल तर आधी नर्सताईंना विचारा. कप ओढताना तांबी सरकू शकते, म्हणून बुडाशी चिमटून हवा सोडूनच काढायचा. बाळंतपणानंतर डॉक्टर सांगेपर्यंत वापरू नका. कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं असेल तर अडचण नाही.

पर्याय तिसरा: "कुजणारं" पॅड

केळीच्या धाग्याची, कापसाची पॅड बाजारात आहेत. घेताना खालचा थर कशाचा आहे ते विचारा. जनऔषधी दुकानात २०१९ पासून एक रुपयाला पॅड मिळतं, खिशाला ते चांगलंच परवडतं. पण त्यावर ऑक्सो-बायोडिग्रेडेबल लिहिलेलं असतं, याचा अर्थ ते शेणखतासारखं मातीत मिसळतं असा नाही.

आणि पॅडच वापरायचं असेल तर?

खुशाल वापरा, त्यात अपराध नाही. चार ते सहा तासांनी बदला. कागदात गुंडाळून वर लाल ठिपका द्या आणि घंटागाडीत वेगळं द्या. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेनं हीच लाल ठिपक्याची पद्धत मागितली, कारण तो कचरा उचलणारे हात बहुतेक बायकांचेच असतात.

एक गोष्ट विसरू नका

खाज, वास, पांढरं जास्त जाणं, किंवा दर तासा-दोन तासाला पॅड भिजणं, यातलं काही असेल तर अंगावर काढू नका, उपकेंद्रात दाखवा. एवढ्यावरून कुणी "पिशवी काढा" म्हणालं तर सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हो म्हणू नका. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या प्रकरणात २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली होती. हे आपल्यापासून लांब नाही.

पुढच्या बैठकीत एवढं करा

त्या मावशींच्या गावात नंतर गटानंच मार्ग काढला. एका ताईच्या परसात, जिथं दुपारभर ऊन असतं, तिथं आडोसा करून दोरी बांधली. आता पाच-सहा घरच्या बायका तिथं वाळत घालतात. मावशी म्हणाल्या, "आता सासरे बसूदेत ओट्यावर."

तुमच्या गटातही विषय घ्या: आपली दोरी कुठं बांधायची? पॅड, कापड की कप, हे प्रत्येकीनं आपापलं ठरवावं. पण उन्हाची जागा मिळवायला मात्र सगळ्यांनी मिळून उभं राहावं लागतं. काय ठरलं ते सीआरपी ताईंकडून मला नक्की कळवा.