शेजाऱ्याची झोप आणि ड्रमचा सराव

मी सातवीत होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या शाळेत संचलनासाठी एकच साइड ड्रम होता. सव्वीस जानेवारी जवळ आली की तो आळीपाळीने मुलांच्या घरी जाई. माझी पाळी रविवारी आली. दुपारी ओसरीवर बसून मी सुरुवात केली. थोड्या वेळाने शेजारचे काका दारात येऊन उभे राहिले. ते एस. टी.चे ड्रायव्हर, रात्रीची गाडी करून सकाळी परतलेले. रागावले मुळीच नाहीत. एवढंच म्हणाले, "बाळ, आज रात्री पन्नासेक माणसं घाटातून न्यायची आहेत मला. जरा झोपू दे."

मी काठ्या खाली ठेवल्या. त्या वर्षी ड्रम दुसऱ्याच मुलाने वाजवला. काकांचे बरोबर होते, आणि माझेही फारसे चुकले नव्हते. सरावाशिवाय हात बसत नाही, आणि सराव केला की शेजार जागा होतो. हा पेच काही आमच्याच आळीचा नाही. जिथे जिथे काठीने ड्रम वाजतो तिथे तो आहे, आणि त्यावरचा जुना तोडगा म्हणजे सरावाचा पॅड. लाकडाची जाड चकती आणि तिच्यावर चिकटवलेला रबराचा थर, एवढाच त्याचा संसार. रुंदी बहुधा सहा ते बारा इंच. दप्तरात सहज मावतो.

स्वित्झर्लंडमधले बासेल हे शहर ड्रमसाठी प्रसिद्ध आहे. तिथे दर वर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास एका सोमवारी पहाटे चार वाजता शहराच्या जुन्या भागातले दिवे मालवतात आणि कंदील घेतलेली ड्रम-बासरीची पथके रस्त्यावर येतात. हा उत्सव गुरुवारी पहाटे चारपर्यंत चालतो. २०१७ साली युनेस्कोने आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत त्याची नोंद केली. पण तीन दिवस गाजणाऱ्या या ड्रमच्या मागे घरातला पुष्कळ शांत सराव असतो. तो होतो 'बॉक्ली' नावाच्या, घोडीवर ठेवलेल्या सरावाच्या ठोकळ्यावर.

अमेरिकेत १९३३ साली शिकागो येथे तेरा ड्रमवादक एकत्र आले आणि प्रत्येक शिकाऊ वादकाला आलेच पाहिजेत असे तेरा मूळ प्रकार त्यांनी निवडले. पुढे यादी वाढत गेली. १९८४ साली ती चाळीसवर गेली. या प्रकारांना रुडिमेंट म्हणतात. आपण त्यांना ड्रमची बाराखडी म्हणू. एक अक्षर करून पाहा: उजवा, डावा, उजवा, उजवा, डावा, उजवा, डावा, डावा. मांडीवर वाजवलेत तरी चालेल. आता सांगा, ही बाराखडी गिरवायला ड्रमच कशाला हवा? पाटी असली की झाले. पॅड ही ड्रमची पाटी आहे.

पॅडचा आवाज कमी का, तेही समजून घेऊ. ड्रमचे ताणलेले पान काठी पडताच थरथरते, आतली हवा हलते, खालचे पान हलते, त्याला टेकलेल्या तारा झणझणतात. एवढा मोठा पृष्ठभाग हवेला ढकलतो म्हणून आवाज दूर जातो. पॅडवरचा रबराचा तुकडा लहान, जाड आणि जड लाकडाला घट्ट धरलेला. तो हवेला फारसे ढकलू शकत नाही. काठीच्या जोराचा काही भाग रबरात उष्णता होऊन जिरतो आणि उरलेला काठीला परत मिळतो. हा परतावा म्हणजे उसळी. ड्रमवाल्याचा निम्मा जीव या उसळीतच असतो.

फायदा फक्त शेजाऱ्याचा नाही, वादकाच्या कानाचाही आहे. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास, ही कानाची सुरक्षित मर्यादा धरली जाते. पुढे दर तीन डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात जेमतेम पंधरा मिनिटे. साइड ड्रम जोरात वाजवला तर वाजवणाऱ्याच्या कानापाशी आवाज शंभराच्या पुढे सहज जातो. बंद खोलीत रोज तासभर घुमणाऱ्या मुलाचे काय होत असेल, ते शिक्षकांनी ध्यानात घ्यावे.

आता काही पॅडांना एकाहून अधिक पृष्ठभाग का असतात ते पाहू. मऊ रबर ताणलेल्या ड्रमासारखी उसळी देते. वेग वाढवायला ते चांगले. कडक रबर किंवा प्लॅस्टिक टक्‌टक् जरा मोठ्याने करते, पण प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. डावा हात मागे पडत असेल तर तिथे चोरी लगेच पकडली जाते. स्पंजासारखा मऊ थर काठी जवळजवळ परतच देत नाही. ती मनगटाने उचलावी लागते. हात दमतो, पण तयार होतो. बारीक जाळीचा पृष्ठभाग आवाज फार कमी करतो, मात्र उसळी गरजेपेक्षा जास्त देतो. सदा मऊ रबरावरच वाजवणाऱ्याला वाटते, आपला हात फार चालतो. खरे म्हणजे चालत असते ते रबर. म्हणून पृष्ठभाग बदलत राहावे.

पॅडची मर्यादाही सांगितली पाहिजे. नाद पॅडवर शिकता येत नाही, आणि दहा जणांनी मिळून वाजवायचे भानही येत नाही. त्यासाठी आठवड्यातून एकदा तरी खऱ्या ड्रमावर गेले पाहिजे. ताशालाही काड्याच लागतात, म्हणून त्याच्या हातालाही पॅड चालेल. तबल्याला मात्र नाही. तिथे बोट किनारीवर पडले की शाईवर, यावर बोल ठरतो. पण तबल्याच्या शिष्याकडे त्याहून जुना बिनआवाजी सराव आहेच: हाताने ताल धरून तोंडाने बोल म्हणायचे, म्हणजे पढंत.

शाळेत पॅड घरच्या घरी होतो. सुताराकडून एक फूट चौरस, पाऊण इंच जाड फळी घ्या. एका बाजूला ट्रकच्या जुन्या ट्यूबचा तुकडा दुहेरी करून पंक्चरच्या सोल्युशनने चिकटवा. दुसऱ्या बाजूला जुन्या स्लिपरचे तळवे कापून बसवा. झाले दोन पृष्ठभाग. तिसरा हवा असेल तर वर गोणपाटाची घडी टाका. मात्र फळी नुसत्या टेबलावर ठेवू नका. टेबल स्वतःच ड्रमासारखे घुमते. खाली घोंगडीची किंवा सतरंजीची घडी घाला. शाळेत ड्रम एक असला तरी वीस फळ्या झाल्या की वीस मुले एकदम शिकतील, आणि शेजारच्या वर्गातले गणितही चालू राहील.

पॅड झाला की एक परीक्षा घ्या. एका मुलाला वाजवायला बसवा, दार लावा आणि पलीकडच्या खोलीत डोळे मिटून आडवे व्हा. आपल्याला रात्री घाटातून गाडी न्यायची आहे, असे समजा. ठोके ऐकू आले, तर खाली आणखी एक घडी घाला.