एकतीसची रात्र आणि एक तारखेची सकाळ

डिसेंबर संपत आला की पुण्याहून पौडकडे येणाऱ्या मोटारींची रांग लागते. मुळशी धरणाच्या काठची रिसॉर्ट, ताम्हिणीच्या वाटेवरची फार्महाऊस भरून जातात. त्या पाहुण्यांना ताटे वाढणारी, गाड्या लावून देणारी, फाटकावर रात्रभर उभी राहणारी कितीतरी मुले आपल्याच वाड्या-वस्त्यांतली असतात. पहाटे हातात चार पैसे पडतात आणि काहींचे ते घरी येण्याआधीच बाटलीत जातात.

त्याच पहाटे वस्तीतून कोरेगाव भीमाची गाडी निघते. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या शूरांना मानवंदना द्यायला बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी त्या स्तंभापाशी गेले. आज तिथे लाखोंचा जनसमुदाय लोटतो. आपले नवे वर्ष तिथे सुरू होते. रात्रीची झिंग डोळ्यांत घेऊन त्या स्तंभासमोर उभे राहणे आपल्याला शोभते का, हे ज्याचे त्याने ठरवावे. पंचशीलातले पाचवे शील आणि बावीस प्रतिज्ञांतली दारूविषयीची प्रतिज्ञा आपण मोठ्याने म्हणतो; ती ३१ डिसेंबरलाही लागू आहे.

नव्या वर्षाचे संकल्प म्हणजे शहरी लोकांची हौस, पंधरा दिवसांत विरणारी, असे म्हणून पुष्कळजण हसतात. ते हसणे आम्हाला पटत नाही. सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्यात पारशी धर्मशाळेतून हाकलले गेलेले बाबासाहेब कामाठी बागेत बसले होते. तिथे त्यांनी केलेल्या निर्धारामुळे आज त्या जागेला आपण संकल्पभूमी म्हणतो. पण पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. त्यांनी मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून काटकसरीने शिल्लक टाकली, शाहू महाराजांची आणि मित्र नवल भाथेना यांची मदत घेतली आणि १९२० साली अपुरे शिक्षण पुरे करायला ते पुन्हा लंडनला गेले. निर्धारामागे असा पै-पैचा हिशेब होता. येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची आणि नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. मध्ये एकवीस वर्षे गेली! दहा पारमितांत अधिष्ठान, म्हणजे ध्येय गाठण्याचा दृढ निश्चय, मोजला आहे तो उगाच नव्हे.

तेव्हा यंदा घरात दहा संकल्प करू नयेत, एकच करावा. तो कोण पाळणार हेही आधी बोलून घ्यावे. आमच्या पाहण्यात असे येते की संकल्प पुरुष सोडतात आणि त्याचा भार बाईवर पडतो. मुलाला शिकवायचे हे वडिलांनी ठरवायचे आणि फीसाठी मजुरी तिने वाढवायची! खर्चाची वही तिच्या हातात असावी, आणि दारू सोडणाऱ्याने आपले वाचलेले पैसे त्या वहीत तिच्यासमोर लिहावेत.

आमच्या तालुक्यापुरता आणखी एक विषय आहे, जमिनीचा. हिंजवडीपासून धरणापर्यंत भाव चढले आणि दलाल दारात बसू लागले. महारवतनाची प्रथा १९५८ च्या कायद्याने गेली. वतनाच्या ज्या जमिनी आपल्या माणसांच्या नावे झाल्या, त्यांच्या हस्तांतरावर कायद्याचे निर्बंध आहेत. हे माहीत नसल्यामुळे काहीजण इसारावर अंगठा देतात, लग्नात पैसा उडवतात आणि मग स्वतःच्याच शेताच्या कुंपणाबाहेर चौकीदारी करतात. १९२१ मध्ये याच मुळशीच्या मावळ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. तो हरला, पण जमीन काय असते हे त्यांना कळले होते.

कोरेगावहून परतल्यावर पहिल्याच आठवड्यात तलाठ्याकडून किंवा सेवा केंद्रातून सातबारा आणि फेरफाराचे उतारे आणावेत. शाळेत जाणाऱ्या मुलीला ते मोठ्याने वाचायला सांगावे. आजीला जवळ बसवावे. कोणते नाव कोणाचे, कोणता तुकडा ओढ्याकाठचा आणि कोण बहीण वारसातून गळली, हे तीच सांगू शकेल. मुलीने ते वहीत उतरवून घ्यावे, तारखेसह.