यकृताची जखम आणि तालुक्याचे रुग्णालय

उसाचा हंगाम सुरू झाला की अहिल्यानगर जिल्ह्याच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर, ट्रेलर आणि मोटारसायकली यांची दाटी होते. अपघातात मोडलेला हात सर्वांना दिसतो. उजव्या बरगड्यांखाली फाटलेले यकृत कोणालाच दिसत नाही. अंगावर फारसा ओरखडा नसलेला माणूस तासाभरात पांढराफटक पडतो, तो पुष्कळदा याच कारणाने.

यकृत हे सुमारे दीड किलो वजनाचे, मऊ इंद्रिय. दर मिनिटाला जवळजवळ दीड लिटर रक्त त्यातून वाहते आणि घातलेला टाका ते सहजी धरत नाही. यकृताकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या दाबून धरून रक्तस्राव आवरण्याची युक्ती ग्लासगोचे शल्यचिकित्सक जेम्स हॉगार्थ प्रिंगल यांनी १९०८ मध्ये मांडली. ती आजही वापरात आहे. पुढे यकृताचा फाटलेला भाग कापून काढण्याचे धाडसही झाले. परंतु लांबलेल्या शस्त्रक्रियेत रुग्णाचे अंग गार पडते, रक्तातील आम्ल वाढते, रक्त गोठेनासे होते आणि टाके नीट बसूनही रुग्ण दगावतो. म्हणून आता अशा रुग्णाच्या यकृताभोवती निर्जंतुक कापडाच्या घड्या दाबून बसवतात, त्याला ऊब व रक्त देतात आणि एकदोन दिवसांनी पोट पुन्हा उघडून घड्या काढतात. रक्तदाब स्थिर असला, तर सीटी स्कॅन आणि सक्त देखरेख यांवर बहुतेक जखमा शस्त्रक्रियेवाचून भरून येतात.

आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने यात मोठा अर्थ आहे. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असा हा चौदा तालुक्यांचा जिल्हा. लोणीला १९८४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, नगर शहरातही मोठी रुग्णालये आहेत. पण अकोले तालुक्यातील डोंगरवाड्या एका टोकाला आणि जामखेड दुसऱ्या टोकाला. यकृत कापण्याचे काम मोठ्या रुग्णालयाचेच. घड्या बसवून रुग्णाला पुढे पाठवणे मात्र तालुक्याच्या शल्यचिकित्सकालाही साधण्याजोगे आहे. अट एवढीच की भूलतज्ज्ञ, रक्ताच्या पिशव्या आणि रुग्णवाहिका हाताशी हवी.

नव्या इमारतीची फीत कापणे सोपे असते. मध्यरात्री रक्त मिळेलच, ही हमी देणे अवघड. तालुक्याच्या रुग्णालयाची पारख लोकांनी या हमीवरच करावी.