प्रभागरचना आणि वस्तीचे मत

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीपूर्वी काही महिने पंचायतीच्या फलकावर एक कागद लागतो. प्रभागाचा क्रमांक, त्याच्या चतुःसीमा, एकूण लोकसंख्या, त्यातील अनुसूचित जाती-जमातींची संख्या आणि हरकती घेण्याची अखेरची तारीख, एवढाच त्यात मजकूर असतो. आपले कार्यकर्ते त्या दिवसांत उमेदवार कोण, पॅनेल कोणाचे, याच्या चर्चेत असतात. वास्तविक वस्तीच्या मताला किती किंमत राहणार, हे बव्हंशी या कागदावरच ठरून जाते. गेली काही वर्षे मी वेगवेगळ्या गावांतील लोकांबरोबर बसून अशा हरकती लिहीत आलो आहे. त्यातून जे ध्यानात आले ते येथे मांडतो.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. 1958च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार पंचायतीत लोकसंख्येप्रमाणे 7 ते 17 सदस्य असतात. गावाचे प्रभाग पाडले जातात आणि एका प्रभागातून अधिकांत अधिक तीन सदस्य निवडले जातात. 73व्या घटनादुरुस्तीने (ती 24 एप्रिल 1993 रोजी अमलात आली) अनुसूचित जातींना लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा दिल्या. लोकसंख्या आणि जागा यांचे प्रमाण सर्व प्रभागांत शक्य तेवढे सारखे असावे, असेही राज्यघटनेचे 243-ग हे कलम सांगते. राज्य निवडणूक आयोगाच्या सूचनांत आणखी एक महत्त्वाचे वाक्य असते : अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांचे शक्यतो विभाजन होऊ नये. सगळे पाणी मुरते ते या 'शक्यतो'पाशी. तलाठी आणि ग्रामसेवक (पदनामे अलीकडे बदलली, पण गाव त्यांना याच नावांनी ओळखते) जागेवर सीमा पाहतात. ते पाहत असताना त्यांच्याबरोबर गावातले कोण फिरते आणि चहा कोणाच्या ओसरीवर होतो, हे वाचकांना सांगायला नको.

वस्ती तोडल्याने नेमके काय होते, ते हिशेबाने पाहू. समजा, गावाची लोकसंख्या 1800 आहे. सदस्य 9, प्रभाग 3, प्रत्येक प्रभागात सुमारे 600 लोक आणि तीन जागा. बौद्धवस्तीत 360 लोक आहेत, म्हणजे गावाचा पाचवा हिस्सा. वस्ती अखंड राहिली तर एका प्रभागात 600 पैकी 360 लोक तिचे. तेथे वस्तीला डावलून कोणी निवडून येऊ शकत नाही. आता हीच वस्ती तीन तुकड्यांत वाटा. प्रत्येक प्रभागात 120 लोक आले. पाचात एक. मतदार प्रत्येक जागेसाठी एक मत देतो. त्यामुळे उरलेले 480 एकत्र राहिले, तर त्या प्रभागातील तिन्ही जागा त्यांच्याच इच्छेने भरल्या जातात.

एका सुनावणीत अधिकाऱ्यांनी आम्हाला विचारले, ''तुमच्या दोन जागा तर राखीव आहेतच, मग तक्रार कसली?'' हा प्रश्न वरवर रास्त वाटतो, म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. राखीव जागा किती, हे गावातील अनुसूचित जातींच्या एकूण संख्येवरून ठरते. वरच्या उदाहरणात वस्ती अखंड असो वा तुटलेली, जागा दोनच. वस्ती तोडल्याने जागा जात नाही. त्या जागेवर कोणी बसायचे, हे ठरवण्याचा अधिकार मात्र जातो. मग वस्तीतलाच, पण वस्तीला नको असलेला माणूस वाड्यावरून निवडला जातो. तो आमचाच असतो, आमच्याच जातीचा दाखला लावून येतो. पण वस्तीला पाणी का येत नाही, स्मशानभूमीची जागा कोणी दाबली, हे विचारण्याची वेळ आली की तो मान खाली घालतो. त्याला तेथे बसवणारी मते पलीकडची असतात.

हा प्रश्न नवा नाही. 1932 साली मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाची हमी नसलेल्या पंचायतीला विरोध केला होता. त्याच वर्षी झालेल्या पुणे कराराने संयुक्त मतदारसंघ आले आणि आपला प्रतिनिधी कोणाच्या मताने निवडला जातो, हा प्रश्न कायमचा मागे लागला. 1955 साली भाषावार राज्यांवर लिहिताना त्यांनी दोन किंवा तीन सदस्यांचा मतदारसंघ आणि त्यात आपली सारी मते एकाच उमेदवाराला देण्याची मुभा, असा मार्ग सुचवला होता. आपल्या ग्रामपंचायतीत बहुसदस्य प्रभाग आहेत. मते एकवटण्याची मुभा मात्र नाही. उपाय अर्धाच उचलला गेला. म्हणून वस्ती अखंड राखणे हाच आज हाती असलेला मार्ग आहे.

अमेरिकेतील काळ्या बांधवांनीही हे भोगले आहे. अलाबामा राज्यातील टस्कीगी या गावाची हद्द चौकोनी होती. 1957 साली राज्याच्या विधिमंडळाने ती बदलून 28 बाजूंची केली. सुमारे 400 काळ्या मतदारांपैकी चार-पाच सोडून सारे हद्दीबाहेर गेले. गोरा मतदार एकही गेला नाही. त्या कायद्यात 'काळा' हा शब्दसुद्धा नव्हता, नुसत्या रेषा होत्या. तेथील प्राध्यापक चार्ल्स गोमिलियन आणि त्यांचे सहकारी न्यायालयात गेले. मतदानाचा हक्क हिरावण्यासाठी अशी हद्द आखता येणार नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1960 साली सांगितले.

आपल्याकडे ही वाट अरुंद आहे. प्रभागरचनेच्या कायद्याची वैधता न्यायालयात उपस्थित करता येणार नाही, असे राज्यघटनेचे 243-ण हे कलम सांगते. उत्तर प्रदेशातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली या कलमाचा अर्थ लावला. हरकती मागवल्याच नाहीत, ऐकूनच घेतले नाही, एवढ्यापुरतीच तक्रार करता येईल; आणि तीही निवडणूक जाहीर झाल्यानंतर नाही. याचा अर्थ सरळ आहे. हरकतीची मुदत हेच आपले न्यायालय. ती चुकली की पुढची निवडणूक येईपर्यंत वाट पाहावी लागते.

तेव्हा हरकत कशी असावी? 'आमच्यावर अन्याय झाला' एवढे लिहून भागत नाही. कोणत्या घरापासून कोणत्या घरापर्यंत वस्ती आहे, हे पंचायतीच्या नमुना 8 मधील घरक्रमांकांसह लिहावे. सीमारेषा वस्तीत कोठून शिरते, हे हाताने काढलेल्या नकाशावर दाखवावे. ज्या प्रगणक गटांच्या आकड्यांवर रचना केली, ते आकडे द्यावेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पर्याय द्यावा : वस्ती एका प्रभागात घेतली तर लोकसंख्या जुळवण्यासाठी दुसरी कोणती आळी पलीकडे जाईल, ते सांगावे. 'लोकसंख्या जुळत नाही' हे ठरलेले उत्तर त्यामुळे देता येत नाही. माहितीच्या अधिकारातील अर्जाला तीस दिवस लागू शकतात आणि हरकतीची मुदत त्याहून फारच थोडी असते. म्हणून नकाशा तहसील कार्यालयात जाऊन लगेच पाहावा, टिपून घ्यावा. अर्जाची पोच घ्यावी आणि सुनावणीला जातीने हजर राहावे. प्रभाग ठरल्यावर मतदारयादी फोडली जाते. तेव्हा वस्तीतील नावे शेजारच्या प्रभागात सरकतात. त्याची हरकत वेगळी असते, तिची मुदतही वेगळी.

एक सावधगिरीही हवी. आपली संख्या गावात चाळीस टक्के असेल, तर सगळ्यांना एकाच प्रभागात कोंडणे हाही डाव असू शकतो. तेथे दोन प्रभागांत प्रभाव राहील अशी रचना मागावी लागते. तसेच बौद्धवस्ती राखताना मातंगवस्तीचे किंवा पारध्यांच्या पालांचे तुकडे होऊ देऊ नयेत. त्यांना बरोबर घेऊन एकच हरकत दिली तर ती अधिक जड होते. आकडेही जपावे लागतात. जनगणनेत नुसते 'बौद्ध' सांगितले आणि जात नोंदवली गेली नाही, तर ते माणूस अनुसूचित जातीत मोजले जात नाही आणि राखीव जागांचा पायाच खचतो. जात सांगणे नको वाटणे मी समजू शकतो. त्याची किंमत मात्र वस्तीला ठाऊक असली पाहिजे.

राहता राहिला भीतीचा प्रश्न. ज्याच्या रानात मजुरीला जायचे, त्याच्याच सोयीच्या रेषेवर बोट ठेवायचे, हे सोपे नाही. एकट्याने सही केली की दुसऱ्या दिवशी काम बंद होते. म्हणून सह्या घरटी घ्याव्यात, बायांच्या सह्या आधी घ्याव्यात, आणि ज्याची रोजी गावावर अवलंबून नाही अशा शिक्षकाने, विद्यार्थ्याने, शहरातून आलेल्या नोकरदाराने अर्ज हातात घेऊन पुढे उभे राहावे. शिकलेल्यांनी गावासाठी काय करावे, असे अनेक जण विचारतात. फलकावर तो कागद लागेल त्या आठवड्यात गावी जावे आणि वस्ती कोठे तुटली आहे ते पाहावे.